हलवून बघणाऱ्यांचा जिल्हा

परभणीत कुठलीही वस्तू घेण्याआधी ती हलवून बघतात. खुर्ची हलवतात, कपाट हलवतात, नारळ कानाशी नेऊन हलवतात. सोयरीक जुळवायला आलेली माणसं मुलाची नोकरीसुद्धा एकदा हलवून बघतात : ‘पर्मनंट आहे ना?’ लहानपणापासून ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ ऐकत मोठं झालेल्या माणसाला मजबुतीच्या बाबतीत जर्मनीखेरीज कुणाशी बरोबरी करायची सवय नसते. त्यामुळं जुना ट्रायपॉड समोर उभा केला की तो त्याच्याकडं बघत बसत नाही, वरून धरतो आणि गदागदा हलवतो. न हलणं हेच ट्रायपॉडचं काम, हे मान्य. पण तो बनवणाऱ्यानं वाऱ्याचा विचार केलेला असतो, गदागदा हलवणाऱ्या मेहुण्याचा नाही.

सध्या जिल्ह्यात जुने ट्रायपॉड भरपूर निघताहेत. कॅसेटच्या काळात लग्नाची शूटिंग म्हणजे खांद्याएवढा कॅमेरा, डोळे दिपवणारा हॅलोजन, तो धरून उभा असलेला घामाघूम पोरगा आणि कोपऱ्यात लांब दांड्याचा, जाड पायांचा स्टँड, एवढा लवाजमा असायचा. आता नवरदेवाच्या डोक्यावर ड्रोन फिरतो आणि शूटिंगवाला गिंबल हातात धरून पाण्यात चालल्यासारखा गुडघे वाकवत मांडवभर हिंडतो. स्टँडला कुणी विचारत नाही. मग स्टुडिओच्या माळ्यावरून तो खाली उतरतो, फडक्यानं पुसला जातो आणि ‘जुना माल आहे साहेब, आता असला येत नाही’ या वाक्यासह विकायला निघतो. हे वाक्य नव्वद टक्के खरं असतं. असला आता येत नाही, कारण असला उचलायला आता कुणी तयार नाही.

पारख सुरू झाली की गर्दी जमते. आमच्याकडं एकट्यानं खरेदी करण्याला चोरी समजतात. पहिला पक्ष वजनवाद्यांचा. ते ट्रायपॉड उचलतात, मान डोलावतात आणि निकाल देतात, ‘जड आहे. म्हणजे चांगला आहे.’ दुसरा पक्ष चुंबकवाद्यांचा. हे खिशातून चुंबक काढतात (यांच्या खिशात ते कसं असतं, हे मला आजवर समजलेलं नाही), पायाला लावतात, आणि ते चिकटलं नाही की तोंड पाडतात. ‘ॲल्युमिनिअम हाय. लोखंड न्हाई.’ चांगल्या ट्रायपॉडचे पाय ॲल्युमिनिअमचे किंवा कार्बन फायबरचे असतात, लोखंडाचा असला तर तो मांडवाचा डांब होईल, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. तिसरा पक्ष एकाच माणसाचा, तो म्हणजे वेल्डिंगवाला. तो सगळं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, ‘पाय सरकतेत ना? मग एकाच उंचीवर वेल्डिंग मारून टाकू. पुन्हा सरकायचा सवालच न्हाई.’ त्याच्या म्हणण्यात खोट काढणं अवघड आहे.

वास्तविक या मंडळींना जनावर पारखायची चांगली नजर असते. लाल कंधारी बैल घेताना ते शेपूट ओढून भाव ठरवत नाहीत. आधी जबडा उघडून दात मोजतात. जुन्या ट्रायपॉडचे दात म्हणजे त्याच्या पायांची कुलुपं. पाय तीन-चार नळ्यांचे असतात, एकात एक सरकणारे, आणि प्रत्येक जोडावर एक कुलूप. कुलूप खटक्याचं असेल तर खटका बंद करताना बोटाला थोडा जोर लागला पाहिजे. सैल असेल तर घाबरू नये, बहुतेक खटक्यांना बाजूला एक नट असतो, तो अर्धा फेरा आवळला की काम होतं. पिळायचं कुलूप असेल तर आत प्लॅस्टिकची पातळ पट्टी असते. ती झिजली की पाय हळूहळू, इतक्या हळू की फोटो पूर्ण निघेपर्यंत कळू नये, अशा बेतानं खाली बसतो. सायकलवाल्यानं जुन्या ट्यूबची पट्टी कापून आत बसवलेला एक स्टँड मी पाहिला आहे. तो अजून उभा आहे.

तेव्हा हलवायचंच असेल तर नीट हलवा. तिन्ही पाय पूर्ण बाहेर काढा, सगळ्यात बारीक नळीसुद्धा, कारण ट्रायपॉडची ताकद त्याच्या जाड मांडीत नसते, बारीक पोटरीत असते. मग दोन्ही हातांनी वरून सरळ खाली दाबा. पाय सरकला तर कुलूप गेलं. नंतर डोकं धरून बाटलीचं झाकण पिळतो तसं थोडं पिळा. पीळ बसून सगळंच मुरगळत असेल तर सांधा गेला. आणि शेवटची परीक्षा, जी कुणीच करत नाही : कॅमेरा लावा, झूम पूर्ण ताणा, लांबची पाण्याची टाकी पडद्यावर आणा आणि पायाला बोटानं टिचकी मारा. टाकी थरथरेल. थरथर झटकन थांबली तर ट्रायपॉड घेण्यासारखा. टाकी बराच वेळ नाचत राहिली तर विकणाऱ्याला चहा पाजा आणि निघा.

मधला दांडा वर काढून ‘बघा, केवढा उंच होतो’ असं दाखवणाऱ्यापासून सावध राहावं. दांडा वर गेला की तीन पायांच्या वस्तूवर एक पाय उभा राहतो आणि तोच नेमका कॅमेऱ्याखाली असतो. उंची पायांनी मिळते ती खरी. दांड्यानं मिळालेली उंची निवडणुकीपुरती असते.

बाकी तीन पायांचं शास्त्र आमच्या म्हणींच्या अगदी विरुद्ध जातं. तीन तिघाडा काम बिघाडा, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण चार पायांचं टेबल घ्या, एका पायाखाली कागदाची घडी सारल्याशिवाय ते हॉटेलात उभं राहत नाही. कुठलेही तीन बिंदू एका पातळीत बसतातच, चौथा आला की कुरबुर सुरू. म्हणून तीन पाय खडकावर, पायरीवर, उतारावर, कुठंही टेकतात. बिघाडा करायला चौथा लागतो आणि तो सहसा स्टँडला अडखळणारा पाहुणा असतो.

आता मूळ मुद्दा. ट्रायपॉडच्या जगातल्या सगळ्या परीक्षा फरशीवर होतात. परभणी फरशीवर वसलेली नाही. परभणी काळ्या मातीवर वसलेली आहे आणि या मातीला स्वतःची मतं आहेत. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यात कापसाच्या रानात स्टँड उभा करा. बुडबुड्याची पातळी बरोबर मध्ये आणा, कॅमेरा लावा, नजर वर करा आणि पुन्हा खाली बघा. बुडबुडा कडेला. तीनही पाय जमिनीत निघालेले असतात, प्रत्येकजण आपापल्या गतीनं. माणूस घाईघाईनं एक उचलतो, तर त्याला शेरभर चिखल लागून तो आणखी जड होतो, आणि तोवर उरलेले दोघं आत. अशा वेळी मजबूत ट्रायपॉड आणि कच्चा ट्रायपॉड यांत एवढाच फरक उरतो की मजबूत जास्त खोल जातो, कारण तो जड असतो. वजनवाद्यांना इथं आणून उभं करावं.

उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते. मे महिन्यात नांगरट न झालेल्या रानात भेगा अशा पडतात की त्यात हात जावा. स्टँडचा रबरी बूट अगदी अचूक त्या भेगेत जातो आणि बूट आत ठेवून पाय वर येतो. जुने ट्रायपॉड बहुधा एक-दोन बूट कमी असलेले मिळतात ते का, याचं उत्तर जिल्ह्याच्या जमिनीत आहे. खणलं तर सापडतील. म्हणून जुन्या मालात पायाला लोखंडी टोक आहे का, ते बघावं. रबर पिळून वर सरकवलं की आतून टोक निघतं, अशी सोय चांगल्या ट्रायपॉडला असते, आणि बऱ्याच मालकांना ती शेवटपर्यंत माहीत नसते.

टोकदार पायाची गोष्ट जमीन मोजणारे केव्हाच शिकले. मोजणीच्या यंत्राचा तिपाया पाहा : लाकडी जाड पाय, खाली लोखंडी अणी आणि तिच्या वर पाय देऊन दाबायला छोटी पट्टी. मोजणीदार त्या पट्टीवर बूट ठेवून सगळ्या अंगाचं वजन टाकतो आणि अणी जमिनीत रोवतो. लॅम्बटन नावाच्या साहेबानं 1802 मध्ये मद्रासकडं सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी अशीच निजामाच्या मुलखातून वर सरकत गेली. त्याचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता, त्यापुढं आपल्या वजनवाद्यांनी बोलूच नये. 1823 मध्ये बिचारा लॅम्बटन हिंगणघाटला वारला. पण मोजणीच्या तिपायाला आमच्या जिल्ह्यात जो मान आहे तो लग्नाच्या स्टँडला कधी मिळाला नाही. लग्नात त्याला लाथ बसते. बांधावर मात्र भांडणारे दोन्ही भाऊ, त्यांची पोरं आणि कुत्रं हे सगळे तिपायापासून अदबीनं लांब उभे राहतात. हलला आणि हात दोन हात जमीन तिकडं गेली, तर?

लग्नाचा मांडव ही दुसरी प्रयोगशाळा. इथं जमीन सतरंजीची असते आणि सतरंजीखाली काय आहे ते मांडववाल्यालाही ठाऊक नसतं. त्यात डीजे. डीजेचा आवाज आमच्याकडं कानांनी ऐकत नाहीत, बरगड्यांनी ऐकतात, आणि ट्रायपॉडला तर सगळ्या बरगड्याच आहेत. प्रत्येक ठोक्याला कॅमेरा शहारतो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण स्टँडनं पाय पसरले की दोन खुर्च्यांची जागा जाते. मग नवरीचे मामा येतात आणि ‘हे जरा आवळून घ्या’ म्हणत तिन्ही पाय जवळ जवळ आणतात. आता तो स्टँड राहत नाही, काठी होते. म्हणून मुरलेला शूटिंगवाला कायम एका पायावर आपली टाच दाबून उभा असायचा. स्टँड माणसाला आधार देतो की माणूस स्टँडला, हा प्रश्न अक्षता पडेपर्यंत सुटायचा नाही.

वजन वाढवायला मधल्या दांड्याच्या खाली आकडा असतो, त्याला पिशवी अडकवावी असं जाणकार सांगतात. आमच्याकडं त्याला पाच लिटरचा कॅन अडकतो. फक्त कॅन किंवा पिशवी जमिनीला किंचित टेकलेली हवी. मोकळी लोंबकळली की वाऱ्यानं झोका घेते आणि स्टँडलाही झोक्यावर बसवते.

डोक्याकडं वळू. व्हिडिओच्या जुन्या स्टँडच्या डोक्यात दाट ग्रीस असतं. त्यामुळं दांडा फिरवला की कॅमेरा लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो.  परभणीत मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो आणि थंडीच्या लाटेत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तो 5 अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. अशा हेलकाव्यात काही वर्षं काढली की ग्रीसचं मेण होतं. डोकं एकतर फिरतच नाही, किंवा फिरतं ते एकदम, दचकून. कॅसेटमधल्या कित्येक लग्नांत नवरदेवावरून कॅमेरा झटकन भिंतीवरच्या पंख्यावर जातो, तो यामुळं. शूटिंगवाल्याला नवरा पाहवला नाही म्हणून नव्हे. जुनं ग्रीस पुसून नवं भरता येतं. त्यामुळं डोकं अडकलं म्हणून ट्रायपॉड टाकू नये.

टाकावा तो प्लेट नसेल तर. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची आणि डोक्यात खटकन बसणारी ही छोटी चौकोनी प्लेट जुन्या सौद्यातली सर्वांत महाग वस्तू असते, कारण ती तिथं नसते. ती शेवटच्या लग्नात, शेवटच्या कॅमेऱ्याला लागलेली राहिली आणि तो कॅमेरा विकला गेला. प्रत्येक कंपनीची प्लेट निराळी. विकणारा म्हणतो, ‘प्लेट काय, कुठंबी मिळंल.’ कुठंबी मिळत नाही. जुन्या मॉडेलची तर मुंबईतही विचारावी लागते. मग हार्डवेअरच्या दुकानातून बोल्ट आणून काम भागवायचं ठरतं. इथं एक गंमत आहे. कॅमेऱ्याखालचं छिद्र जगभर पाव इंची असतं, इंचाला वीस आटे, आणि दुकानदार हातावर ठेवतो तो सहा एमएमचा. बघायला दोन्ही सारखेच. सहा एमएमचा बोल्ट आत जातोसुद्धा, थोडा डुलतो एवढंच. तो आवळून बसवला की कॅमेऱ्याचे आटे जातात आणि त्यानंतर कॅमेरा कुठल्याच ट्रायपॉडवर बसत नाही. पाव इंची म्हणून मागा, आटे मोजून घ्या, दुकानदार हसला तर हसू द्या.

एवढ्या थरथरीच्या गोष्टी झाल्यावर जिंतूरजवळच्या नेमगिरीला जाऊन यावं. तिथल्या लेण्यांत पार्श्वनाथांची भलीमोठी पाषाणमूर्ती आहे आणि तिचा सगळा भार खाली एका लहानशा दगडावर तोललेला आहे. ना तीन पाय, ना खटका, ना बुडबुडा. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर आपल्या हातातल्या ट्रायपॉडकडं बघवत नाही.

आणि आपण वारंवार आठवण काढतो त्या जर्मनीत काय आहे? तिथं बेर्लेबाख नावाचा कारखाना 1898 पासून चालू आहे आणि तो आजही लाकडाचे ट्रायपॉड करतो, ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचे. लाकडात धातूपेक्षा थरथर लवकर जिरते म्हणून दुर्बीणवाले अजून ते आवडीनं घेतात. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ काचेच्या प्लेटांवर फोटो काढायचे तेव्हा त्यांचा अवजड कॅमेराही लाकडी पायांवरच उभा असायचा. आपण त्याच निजामाची रयत. आपल्याकडं औताला लागणारी चिवट बाभूळ बांधाबांधावर होती आणि सुतारही गावोगाव होते. तरी ट्रायपॉड करावा असं एकाच्याही मनात आलं नाही. 18 मे 1972 ला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी क्रांती’ भेंडी दिली, ‘परभणी मोती’ ज्वारी दिली. काळ्या रानात न रुतणारा ‘परभणी स्थैर्य’ बाभळीचा स्टँड देण्याचं अजून मनावर घेतलेलं दिसत नाही. विद्यापीठाकडं काळी माती फुकट आहे, चाचणीचा खर्चही नाही.

उपयोगाचं म्हणाल तर मजबूत ट्रायपॉड आणि उपयोगी ट्रायपॉड हे दोन निराळे प्राणी आहेत. उपयोगी तो, जो घराबाहेर पडतो. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेत पायऱ्या गोल फिरत खाली जातात. तळाशी उजेड कमी, दगड काळा, हातात कॅमेरा धरून फोटो हललेलाच येणार. तिथं तीन पाय तीन पायऱ्यांवर, तीन वेगळ्या उंचीवर टेकवून अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं की दगडाचा पोत उतरतो. ट्रायपॉड कशासाठी असतो, ते तिथं कळतं. पण वालूरला जाणाऱ्यांत जाड पायांचा, चार-पाच किलोचा स्टँड नेणारे फार थोडे. बाकीच्यांचा तो घरी असतो, अत्यंत मजबूत अवस्थेत. पूर्णेवरच्या येलदरी धरणावर पक्षी टिपणाऱ्यांचंही तसंच. लांब लेन्स, मोकळा वारा, गरज पुरेपूर; आणि स्टँड गाडीच्या डिकीत, कारण डिकीपासून पाण्यापर्यंत चालावं लागतं.

घरी तो बसून मात्र खात नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली तेव्हा मास्तरांनी मोबाइलची क्लिप लावून अशाच जुन्या स्टँडवरून त्रिकोणाचं प्रमेय शिकवलं, यापेक्षा सुसंगत शैक्षणिक साहित्य मला आठवत नाही. त्यानंतर त्यावर भाकरीच्या रेसिपीचे व्हिडिओ झाले. गणपतीत त्याच्यावर फोकस बसतो. घरात कुणी आजारी पडलं तर सलाइनची बाटली. एरवी ओले टॉवेल. वडील त्याच्याकडं बघून अधूनमधून म्हणतात, ‘वस्तू मजबूत आहे हं,’ आणि एकदा हलवतात.

तेव्हा विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगणं. रंग उडाला असेल, पायावर कुण्या स्टुडिओचं नाव ऑइलपेंटनं लिहिलं असेल, तर हरकत नाही, उलट ते घासाघीस करायला कामाला येतं. तिन्ही पाय ताणून वरून दाबा. प्लेट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. प्लेट नसेल तर अर्ध्या किमतीच्या वर जाऊ नका. रानात नेणार असाल तर लोखंडी टोक बघा. आणि सगळं पसंत पडलं तरी, पैसे देण्याआधी तो खांद्यावर टाकून परभणीच्या स्टेशन रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चक्कर मारून या. परत येताना ऑटो करावा लागला, तर तो स्टँड दुकानदाराकडंच राहू द्या.